बिन कार्डाची वंशावळ

कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्रत्येक रॅकला सुतळीने बांधलेलं जाड कार्ड लटकत असे: बिन कार्ड. तारीख, आवक, जावक, शिल्लक एवढेच रकाने. कडांवर ग्रीसचे ठसे. त्यावर फक्त नग. किमतीचा हिशेब ऑफिसातल्या स्टॉक लेजरमध्ये. माल सांभाळणारा वेगळा, पैशाचा हिशेब लिहिणारा वेगळा. दोन्ही जुळले तरच साठा खरा.

ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस असे अधिकारी असत. कोठारातल्या धान्याचा, सामानसुमानाचा जमाखर्च कारखानिसाकडे. सगळा कारभार एकाच्या मुठीत जाऊ नये, ही त्यामागची दूरदृष्टी.

माल किती आहे हे कळलं, पण मागवायचा किती? १९१३ साली फोर्ड हॅरिस यांनी त्याचं गणित मांडलं: ऑर्डर काढायचा खर्च एकीकडे, माल पडून राहायचा खर्च दुसरीकडे, आणि दोन्ही मिळून कमीत कमी होतील अशी संख्या. खरी कलाटणी मात्र १९६४च्या सुमारास जोसेफ ऑर्लिकी यांच्या एमआरपीने (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे लागणाऱ्या मालाचं नियोजन) दिली. शंभर पंखे करायचे तर पाती तीनशे. ऐंशी शिल्लक, एकशेवीस वाटेवर, म्हणजे मागवायची शंभर. प्रत्येक सुट्या भागासाठी ही वजाबाकी हाताने करत बसणं अशक्यच. ती संगणकाने केली. पुढे २६ जून १९७४ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट बारकोडने स्कॅन झालं आणि नोंदीसाठी आकडे टाइप करायची गरजही सरत गेली.

तरीही नवी सिस्टीम रचणाऱ्याने आधी ते जुनं कार्ड हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. कार्डावर चूक झाली की आडवी रेघ मारून खाली नवा आकडा लिहायचा, शेजारी सही करायची. जुना आकडा रेघेखालून वाचता येई. स्क्रीनवर चाळीस पुसून पस्तीस टाइप केले की पाच नग मागमूस न ठेवता नाहीसे होतात. म्हणून शिलकीचा रकाना कोणालाही थेट बदलता येता कामा नये. आवक, जावक, परतीचा माल, मोडतोड यांच्या नोंदी तेवढ्या कराव्यात आणि शिल्लक त्यांतून निघावी. मार्चअखेरच्या मोजणीत रॅकवर पस्तीसच भरले, तर पाच नगांची ‘तूट’ वेगळी नोंदवायची, कारणासह, मोजणाऱ्याच्या नावासह. आधीच्या नोंदींना हात लावायचा नाही.