ताडीचा कर आणि वेड्यांचे इस्पितळ

आपली अंधेरी एके काळी ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात होती. येथील ताडमाडांवर भंडारी चढत. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला, ताडीच्या झाडांवरील कर वाढला, आणि नशा हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन बनले. त्याच ठाण्यात १९०१ साली वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले, ते मात्र नरोत्तमदास माधवदास शेठजींच्या देणगीच्या आधाराने! पुढचा खर्च सरकारने चालविला खरा. पण वसुली हक्काने आणि उपचार दानाने, ही रीत पडली ती पडलीच. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी व्यसनी माणसांसाठी मुक्तांगण काढले, तेव्हाही लाख रुपये दिले ते पु. ल. देशपांडे यांनी. (दात्यांना मी दोष देत नाही. ते नसते तर तेवढेही झाले नसते.)

कामगाराला निराळी वाट मिळाली ती १९४८ च्या राज्य विमा कायद्याने. मुंबईत ही योजना १९५४ साली आली. तीत मजूर पगारातून वर्गणी भरतो, मालकही भरतो. गंभीर मनोविकार जडला तर, अटी पुऱ्या असल्यास, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते.

मरोळच्या एका कारखान्यात आमच्या सोबत्याच्या डोक्यावर परिणाम झाला. घरच्यांनी लाजेने आजार लपविला. मालकाने गैरहजेरीचे चार्जशीट धाडले. मी म्हणालो, "वहिनी, ही भीक नव्हे. दर महिन्याला कापून गेलेलेच पैसे आहेत." तेव्हा कुठे त्यांनी पेटीतून विम्याचे कार्ड काढले.