कोडाईकनालच्या काचफलकांवरील चुंबकीय सूर्य

सौरडागांत प्रबळ चुंबकक्षेत्र असते, हे जॉर्ज हेल यांनी १९०८ साली माउंट विल्सन येथे वर्णपटातील रेषा चुंबकक्षेत्रात दुभंगतात या झीमन परिणामाच्या आधारे सिद्ध केले. सौर चुंबकत्वाचा इतिहास तेथून सांगण्याची प्रथा योग्यच आहे. मात्र डागांहून कितीतरी लहान अशा चुंबकीय ठिपक्यांच्या इतिहासात पळणी डोंगरांतील कोडाईकनाल वेधशाळेला जे स्थान द्यायला हवे, ते सहसा दिले जात नाही.

१८९९ मध्ये स्थापन झालेल्या या वेधशाळेत पुढे स्पेक्ट्रोहेलिओग्राफ, म्हणजे सूर्यप्रकाशातील एकच वर्णरेषा वेगळी काढून तिच्या प्रकाशात सूर्याचे चित्र घेणारे यंत्र, कामास लागले. १९०७ मध्ये आलेल्या जॉन एव्हरशेड यांनी दोन वर्षांनी सौरडागांच्या कडेकडून बाहेर वाहणारा वायुप्रवाह शोधला, आणि पुण्यातील कावसजी नायगमवाला यांची तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाल्यावर तिची उपकरणेही येथेच आली.

कॅल्शियमच्या के रेषेत घेतलेल्या काचफलकांवर सूर्यबिंब तेजस्वी जाळ्याने व्यापलेले दिसे, परंतु त्याचा अर्थ १९५० नंतरच उलगडला. चुंबकक्षेत्र मोजणारी साधने हाती आल्यावर रॉबर्ट लेटन यांनी दाखवले की हे तेज चुंबकक्षेत्राच्या जागीच असते, आणि सुमारे ३०,००० किलोमीटर रुंदीच्या, साधारण एक दिवस टिकणाऱ्या प्रवाहकोशांच्या मध्यातून बाजूंकडे सरकणारा वायू तेथील क्षेत्र कोशांच्या सीमांवर लोटतो. विरुद्ध ध्रुवांच्या तुकड्यांच्या जोड्या पृष्ठावर उगवतात, जोडीतील तुकडे एकमेकांपासून दुरावतात, समान ध्रुवाचे तुकडे एकत्र येतात, कधी फुटतात, आणि विरुद्ध ध्रुवाचे तुकडे भिडले की दोन्हींचे क्षेत्र पृष्ठावरून नाहीसे होते. अशा तुकड्यांतील एकेक चुंबकनलिका, म्हणजे चुंबकक्षेत्राची नळीसारखी जुडी, शंभर-दोनशे किलोमीटरच रुंद असली, तरी तिचे क्षेत्र हजार गॉसच्या पुढे जाते. इतके बारीक काही त्या फलकांवर उमटणे शक्य नव्हते. उमटला तो या नलिकांचा समुदाय, आणि तोही दशकानुदशके, जवळजवळ रोज, एकाच पद्धतीने. हे सातत्य हीच या संग्रहाची खरी श्रीमंती होय.

चुंबकमापनाआधीच्या दशकांतील क्षेत्राचा अंदाज आज या तेजावरूनच बांधला जातो. तेजावरून क्षेत्राचे बळ कळते, ध्रुव मात्र कळत नाही. त्यासाठी हायड्रोजनच्या प्रकाशातील फलकांची मदत घ्यावी लागते, कारण त्यांवर दिसणारे काळसर तंतू विरुद्ध ध्रुवांच्या प्रदेशांमधील सीमारेषेवरच पसरलेले असतात.