नकुलमातेचे समुपदेशन आणि वऱ्हाडातील मानसोपचार

रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या समुपदेशनाचे जे मोजके प्रसंग पालि साहित्यात आढळतात, त्यांत अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील नकुलपित्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास सर्वांत बोलका वाटतो. भग्ग देशातील हा गृहस्थ कठीण आजाराने अंथरुणास खिळला होता. पत्नी नकुलमाता त्याला म्हणते, की मनात चिंता ठेवून मरू नका, तसे मरण दुःखाचे असते. नुसते एवढे सांगून ती थांबत नाही. नवऱ्याच्या मनात कोणकोणत्या शंका असतील त्या ती स्वतःच एकेक करून उच्चारते. पहिली शंका प्रपंचाची, आपल्यामागे मुलाबाळांचे कसे होणार? तिचे उत्तर असे, की मी कापूस कातण्यात आणि लोकर विंचरण्यात कुशल आहे, घर चालवीन. त्यानंतर पुनर्विवाहाची शंका, मग तथागतांच्या व संघाच्या दर्शनाची, शीलाची, चित्तशांतीची आणि अखेर धम्मातील प्रतिष्ठेची. नकुलपिता बरा झाला. काठी टेकीत तो भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी उपदेश करणारी पत्नी लाभल्याबद्दल भगवंतांनी त्याला भाग्यवान म्हटले.

येथे समुपदेशन करणारी व्यक्ती भिक्खू नाही, वैद्यही नाही. ती घरातली एक उपासिका आहे. वऱ्हाडातील मानसोपचाराचा इतिहास पाहू जाता हीच गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

इंग्रजी अमदानीत मनोरुग्णाचा विचार प्रथम बंदोबस्ताच्या दृष्टीने झाला. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. १९१२ च्या कायद्याचे नावच ‘लुनसी’चे, म्हणजे वेडाचे होते, आणि तो १९८७ च्या कायद्यापर्यंत टिकला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आखला गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मानसोपचार न्यावा हा त्याचा हेतू होता. परंतु अमरावती-अकोल्याच्या खेड्यातील माणसाच्या लेखी मानसोपचार म्हणजे दीर्घकाळ ‘नागपूरला नेणे’च राहिला, आणि नागपूरला नेलेल्या माणसाच्या घरी सोयरीक जुळणे अवघड होई. मग जवळचा उपाय म्हणजे अंगारा-धुपारा. याच मातीत गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारून विचारून नवससायास आणि ऋण काढून सण करणे यांवर प्रहार केले. ती मानसचिकित्सा नव्हती, पण खेडुताला प्रश्नोत्तरांतून विचार करावयास लावण्याची रीत मात्र होती.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा प्रश्न निराळ्या स्वरूपात पुढे आणला. २००६ मध्ये केंद्र शासनाने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. त्यात भर होता तो व्याजमाफी आणि सिंचन यांवर. मनाच्या उपचाराचा गावपातळीवरील प्रयोग त्यानंतर झाला, तो ‘विश्राम’ या नावाने. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी नैराश्य आणि दारूचे व्यसन यांविषयी घरोघर बोलणे सुरू केले. ते साधे समुपदेशन करीत आणि गरज पडल्यास रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचवीत. डॉ. राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते; अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के आढळले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. ही आधीची व नंतरची तुलना आहे, त्यामुळे सारे श्रेय प्रकल्पाचेच असे म्हणता येत नाही. तरी पहिला आकडा पुन्हा वाचावा. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक दुःखितांपर्यंत कोणीही पोहोचले नव्हते.

आपल्यातील काही अभ्यासक अशा वेळी आधुनिक मानसशास्त्रात जे आहे ते सर्व बुद्धांनी आधीच सांगितले आहे असे म्हणून मोकळे होतात. हा अभिमान अभ्यासाला उपकारक नाही. मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठान सुत्त आणि आजची वर्तनोपचार पद्धती यांतील साम्य पद्मल डिसिल्व्हा यांनी १९८४ मध्ये साधार दाखविले आहे. परंतु साम्य म्हणजे शोधाची मालकी नव्हे. तीव्र मनोविकाराला औषध लागते, आणि ध्यान शिबिर हा त्याला पर्याय नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. संयुत्तनिकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांची उपमा येते. शरीराची वेदना हा पहिला बाण, त्यावरील मनाचा शोक हा दुसरा. या सुत्ताचा आधार घेऊन कर्जबाजारी शेतकऱ्याला ‘मन आवर’ एवढेच सांगणे म्हणजे पहिला बाण तसाच रुतलेला ठेवणे होय. दुःखाचा विचार करताना दारिद्र्य आणि सामाजिक अन्याय वगळता येणार नाही, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये स्पष्ट केले आहे. नकुलमातेचेही तसेच. तिचा पहिला दिलासा कापसाच्या कसबावर उभा आहे; हाताला काम नसते तर तिचा शब्द पोकळ ठरला असता. वऱ्हाडात कापूस अमाप आहे, पण त्या कापसाच्या भरवशावर मागे राहिलेली बाई असे छातीठोकपणे म्हणू शकेल काय?

राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत शेतकरी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात अमरावती व अकोला दोन्ही आहेत. घरोघर जाऊन विचारपूस करण्याचे काम त्यात आशा कार्यकर्तीकडे आले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरले आणि त्याची काळजी घेण्याचे, उपचार व पुनर्वसन करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहिण्यास खडूखेरीज काही लागत नाही.