गोड्या पाण्यांतील मासा आणि आमचा शुक्रवार

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या बांधणीचा, धर्मगुरूंच्या कष्टांचा आणि शाळेच्या वाढीचा इतिहास यावा हें योग्यच आहे, आणि तो लिहिणारे अधिकारी लेखक या अंकांत आहेतही. आम्ही वाचकांपुढें एक साधा विषय ठेवीत आहों. आपल्या वाडवडिलांनीं शुक्रवारीं देवाचें नांव घेऊन जें अन्न खाल्लें, त्या गोड्या पाण्यांतील माशाची ही हकीकत आहे.

हा विषय सुचला तो जेवणाच्या पंक्तीस. वाशीम जिल्ह्यांतील शिरपूर जैन येथें आमचें बिऱ्हाड असतां उपवासकाळांतल्या एका शुक्रवारीं वसईकडील आमचे एक व्याही घरीं उतरले होते. पाहुण्यांकरितां म्हणून भोयाकडून मुद्दाम ताजा रोहू आणविला, चिंचेचा कोळ घालून रस्सा केला आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढला. व्याह्यांनीं एक घास घेतला, तुकडा ताटाच्या कडेस सारला आणि हंसत म्हटलें, "अहो, याला चिखल लागतो! शुक्रवार पाळावा तो पापलेटावर." पाहुण्यांचें बोलणें आम्हीं हंसण्यावारी नेलें; पण चुलीपाशीं बसलेल्या मंडळीस तें लागलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही लागलें. कारण व्याह्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. चिखलाचा वास होता. तो कां येतो, आणि त्यामुळें तें अन्न हलकें ठरतें काय, याचा शोध घेतां घेतां हा लेख तयार झाला.

प्रथम स्थळाविषयीं. शिरपूर हें मालेगांव तालुक्यांतील गांव. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळें जैन समाजाचें तें मोठें तीर्थ झालें आहे, आणि चौदाव्या शतकांत जिनप्रभसूरींनीं रचिलेल्या 'विविधतीर्थकल्प' या ग्रंथांत त्याचें वर्णन आहे. एलिचपूरच्या राजाचा कुष्ठरोग येथील पाण्यानें बरा झाला आणि त्याच पाण्यांतून मूर्ति हातीं आली, अशी कथा सांगतात. वाशीमचें पठार म्हणजे पाण्याची वांटणी करणारा उंचवटा. दक्षिणेकडचें पाणी पैनगंगेंतून वर्धेस आणि शेवटीं गोदावरीस मिळतें. उत्तरेकडचें काटेपूर्णेंतून पूर्णेस आणि पुढें तापीस जातें. एकाच सरीचें अर्धें पाणी पूर्वसमुद्रास व अर्धें पश्चिमसमुद्रास पोंचतें, परंतु समुद्र मात्र येथून दोन्ही दिशांस शेंकडों मैल दूर. उन्हाळ्यांत नद्यांचे प्रवाह तुटून डोह तेवढे उरतात. म्हणून येथला मासा तो डोहाचा आणि तलावाचा, आणि तो धरणारे ते भोई.

या माशाची योग्यता आमच्या देशानें फार पूर्वीं ओळखिली होती. सम्राट अशोकानें राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झालीं असतां जो पांचवा स्तंभलेख कोरविला, त्यांत कांहीं जातींच्या माशांस अभय दिलें आहे, आणि चातुर्मास्याच्या पौर्णिमा व उपोसथाचे दिवस यांवर मासे मारूं अगर विकूं नयेत असें फर्माविलें आहे. वैद्यकानें चवीची व गुणांची पारख केली. चरकानें रोहूस पचण्यास हलका व बलदायक म्हटलें, आणि त्याचें कारण असें दिलें कीं तो शेवाळ खातो व झोंपत नाहीं. सुश्रुत तर नदीचा मासा व तळ्याचा मासा असा भेद करतो. नदीचा मासा तोंड व शेपूट हालवून प्रवाहांत फिरतो, म्हणून त्याचा मधला भाग जड. तळ्यांतील माशाचें डोकें विशेष हलकें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) यानें आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोदाचें प्रकरणच लिहिलें. कोणता मासा नदीचा, कोणता समुद्राचा, कोणास कोणतें आमिष रुचतें, हें सर्व त्यांत आहे. पाककृतींच्या भागांत तो माशाचे तुकडे धुवून चिंचेच्या पाण्यांत शिजवावयास, मग गव्हाचें पीठ लावून तेलांत तळावयास सांगतो. सुमारें नऊ शतकांपूर्वींच्या राजाची चिंच आणि आमच्या चुलीवरची चिंच एकच होती, हें वाचून आम्हांस मोठें समाधान वाटलें.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. आपण गालीलाचा 'समुद्र' म्हणतों. पण तो समुद्र नव्हे. यार्देन नदी ज्यांतून वाहते असें तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. लांबी सुमारें २१ किलोमीटर, रुंदी सुमारें १३. पेत्र, आंद्रेय, याकोब व योहान हे या तळ्यावरचे कोळी. आमच्या भाषेंत बोलावयाचें तर ते भोयांच्या धंद्यांतले लोक. पांच हजारांच्या जेवणाकरितां मुलानें पुढें केलेले दोन लहान मासे त्याच तळ्याच्या कांठचे. पुनरुत्थानानंतर प्रभूनें किनाऱ्यावर निखारे पेटवून शिष्यांकरितां जो मासा भाजला, आणि पेत्रानें ओढून आणलेल्या जाळ्यांत जे १५३ मासे मोजले गेले, तेही तेथलेच. त्या सरोवरांत त्या काळापासून मिळणाऱ्या खाद्य माशांत आमच्या रोहूच्याच कुळांतल्या जाती आहेत. आपल्या बायबलांतील तोबीताच्या पुस्तकांत तर नदीचा मासा येतो. तरुण तोबियास तीग्र नदींत पाय धुवावयास उतरला असतां मासा त्याच्यावर झेंपावतो. त्याचें कांहीं मांस भाजून खाल्लें जातें, कांहीं खारवून प्रवासाकरितां ठेवलें जातें, आणि त्याच्या पित्तानें आंधळ्या बापास दृष्टि मिळते. शास्त्रांत जेवावयास बसलेल्या माणसाच्या ताटांत ठळकपणें दिसतो तो मासा असा गोड्या पाण्याचा आहे. आमच्या व्याह्यांस त्या रात्रीं हें सांगावयास आम्हांस सुचलें नाहीं, याची चुटपुट लागून राहिली आहे.

पुढें पवित्र सभेनें शुक्रवारीं व उपवासकाळांत मांस वर्ज्य केलें. मध्ययुगांत अंडीं, दूध, लोणी हींही उपवासकाळांत चालत नसत. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टांनीं आपल्या नियमांत निरोगी भिक्षूंस चतुष्पाद प्राण्यांचें मांस मना केलें, आणि समुद्रापासून दूर असलेल्या मठांनीं आपापलीं तळीं खणून त्यांत कार्प नांवाचे मासे वाढविले. हा कार्प रोहूचा भाऊबंद. पोलंड देशांत नाताळच्या आदल्या रात्रीं तो आजही मानानें खातात. १९१७ च्या धर्मकायद्यानें मांस वर्ज्य ठेवून अंडीं, दूध व मासे मोकळे ठेविले. १९६६ सालीं पोप पौल सहावे यांनीं तपाच्या नियमांची नवी मांडणी केली, आणि १९८३ च्या कायद्यानें शुक्रवारचें मांसवर्जन कायम ठेवून त्याऐवजीं दुसरें तप ठरविण्याची मुभा बिशपांच्या परिषदांस दिली.

आमच्या भागांत हा धर्म आणणारे मिशनरी कोठचे होते, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाची संस्था फादर मेर्मिये यांनीं १८३८ सालीं सावॉय प्रांतांतील अॅनसी येथें स्थापिली, आणि १८४५ सालीं तिचे लोक हिंदुस्थानाकडे निघाले. त्यांच्याच कामगिरींतून १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत झाला, व १९५५ सालीं त्यांतून वऱ्हाडाकरितां अमरावतीचा. अॅनसी हें गांव एका मोठ्या गोड्या तळ्याच्या कांठीं वसलें आहे. त्या गांवच्या मुशींत तयार झालेल्या धर्मगुरूंस वऱ्हाडांतील डोहाचा मासा परका वाटला नसावा.

आतां चवीच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. समुद्रांतील माशास खाऱ्या पाण्याशीं तोल राखावा लागतो, म्हणून तो आपल्या मांसांत कांहीं रुचकर द्रव्यें सांठवितो. त्यामुळें त्याची चव भरीव लागते. त्यांतल्याच एका द्रव्यापासून, मासा शिळा होऊं लागतांच, बाजारांतील तो उग्र वास उत्पन्न होतो. गोड्या पाण्यांतल्या माशास ही सांठवण लागत नाहीं. म्हणून त्याची चव सौम्य व गोडसर, आणि समुद्राच्या माशासारखा तो उग्र वास त्यास येत नाहीं. चिखलाचा वास येतो तो निराळ्याच पदार्थाचा. पाण्यांतील निळें-हिरवें शेवाळ व मातींतले सूक्ष्म जंतु तो तयार करतात, आणि शास्त्रज्ञ त्यास 'जिओस्मिन' म्हणजे भूमिगंध म्हणतात. गंमत अशी कीं मृगाची पहिली सर पडल्यावर जो मातीचा सुवास आपण छाती भरून घेतों, तो याच पदार्थाचा. अंगणांत ज्याचें कौतुक, ताटांत त्याची तक्रार!

उन्हाळ्यांत पाणी आटून तापूं लागलें कीं शेवाळ वाढतें, आणि हा वास चढतो. आपला उपवासकाळ नेमका माघ-फाल्गुन-चैत्रांत येतो. तेव्हां डोह लहान होतात, मासा सहज हातीं लागतो आणि गरिबासही परवडतो. पण त्याच दिवसांत त्यास मातीची चव अधिक असते. ज्या काळाचा आरंभ कपाळावर राख घेऊन व आपण मातीचे आहों हें ऐकून होतो, त्या काळांतल्या अन्नास किंचित् मातीची रुचि असावी, यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. उलट बर्फाच्या पेटींतून दूरवरून आणविलेल्या महागड्या पापलेटावर पाळलेला शुक्रवार कायद्यास धरून असला, तरी तपास कितपत धरून आहे, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

तथापि चांगल्या गृहिणीस हा वास घालविण्याची विद्या ठाऊक असते. मरळ व वाम यांचें अंग बुळबुळीत, म्हणून त्यांस चुलीच्या राखेनें चोळून खरवडतात. मग मीठ-हळद लावून ठेवावें, धुवावें, आणि चिंच घालावी. आंबटामुळें भूमिगंधाचा पदार्थच पालटून निर्गंध होतो, हें रसायनशास्त्रानें अलीकडे सिद्ध केलें. आमच्या आज्यांनीं तें अनुभवानें साधलें होतें. जिवंत मासा कांहीं दिवस स्वच्छ पाण्यांत ठेविला तरीही वास उतरतो. चवींत मरळ श्रेष्ठ. त्याचें मांस पांढरें, घट्ट व कांटे थोडे. म्हणून आजारांतून उठलेल्यास त्याचाच रस्सा देतात. वाम तेलकट व भरदार. रोहू गोड, पण त्याचे दुबेळकी बारीक कांटे घाई करणाऱ्यास शिक्षा करतात. कटल्याचें डोकें जाणते लोक मागून घेतात. सुश्रुताचें म्हणणें त्यांनीं वाचलेलें नसतें, तरी.

आतां चिंतेची गोष्ट. १० जुलै १९५७ रोजीं कटक येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं कार्प माशांची कृत्रिम रीतीनें वीण करून दाखविली, तेव्हांपासून रोहू, कटला व मृगल यांचें बीज तलावांतलावांत सोडतां आलें, आणि गरिबाच्या ताटांत मासा वाढला. हें उपकारच होत. परंतु बंधाऱ्यांनीं माशांच्या चढणीच्या वाटा अडल्या, शेतांतील औषधें ओढ्यांत उतरलीं, आणि पावसाळ्यांत अंड्यांनीं भरलेले मासे पकडण्याची हांव सुटली नाहीं. शेजारचे लोक श्रावणांत मासा वर्ज्य करतात. त्या दिवसांतच माशांची वीण चालते. त्यांच्या व्रतानें नदीचें किती रक्षण होत असेल! १९५२ सालीं बाहेरून आणलेला टिलापिया आज ठिकठिकाणीं माजला आहे. त्याहून वाईट तो आफ्रिकी मांगूर. स्थानिक मासे खाऊन फस्त करणाऱ्या या माशाच्या पालनास सरकारनें २००० सालीं बंदी केली, तरी चोरून तो वाढविला जातो. हाच मासा गालीलच्या सरोवरांतही आहे. त्यास खवले नाहींत, म्हणून मोशेच्या नियमानें तो अभक्ष्य. आणि प्रभूच्या जाळ्याच्या दाखल्यांत कोळी किनाऱ्यावर बसून जे वाईट मासे फेंकून देतात, ते हेच असावेत असें पंडितांचें अनुमान आहे. बाजारांत मासा निवडतांना हा दाखला आपण अक्षरशः पाळण्यासारखा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्यें आपल्या सरकारनें पापलेटास राज्याचा मासा ठरविलें. व्याह्यांस आनंद झाला असेल. आमचीही हरकत नाहीं. मात्र मरळीस व वामेस राजमान्यता मिळाली नाहीं, तरी त्या डोहांतून नाहींशा होऊं नयेत एवढी आमची मागणी आहे. माशाची चव ही शेवटीं पाण्याची चव. ज्या गांवचा डोह स्वच्छ, त्याचा शुक्रवार रुचकर.

शेवटीं शेजाऱ्यांविषयीं दोन शब्द. शिरपुरास आमच्या भिंतीला भिंत लावून अशीं घरें होतीं, कीं जेथें मुंगीसही पाय लागूं नये म्हणून जपत. आमच्या घरीं मासा येई तो झांकून, आणि शिजे तो मागच्या पडवींत. याची आम्हांस कधीं लाज वाटली नाहीं आणि जाचही झाला नाहीं. अन्न मोकळें असलें तरी तें दुसऱ्याच्या मनास अडखळण होऊं नये, ही शिकवण संत पौलानें रोमकरांस व करिंथकरांस दिलीच आहे. पर्युषणाच्या दिवसांत आम्ही मासा आणीतच नसूं; तेंही एक तप होतें, आणि तें कोणी आमच्यावर लादलेलें नव्हतें.

ज्युबिलीच्या या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें निदान एक शुक्रवार आपल्याच गांवच्या भोयाकडून घेतलेल्या, आपल्याच पाण्यांतल्या माशावर पाळावा, त्यास रास्त दाम द्यावा, आणि पावसाळ्यांत अंड्यांनीं भरलेला मासा विकत घेऊं नये, अशी आमची नम्र विनंति आहे. व्याह्यांस आम्हीं पुढील उपवासकाळाचें आमंत्रण धाडलें आहे. या खेपेस मरळ वाढूं, चिंच थोडी अधिक घालूं, आणि तोबियासाची गोष्ट जेवणाआधीं सांगूं. ज्यानें तळ्याकांठीं निखाऱ्यांवर आपल्या मित्रांकरितां मासा भाजला, तो प्रभु आमच्या चुलींवर व आमच्या जलाशयांवर कृपादृष्टि ठेवो.