मिठाची विहीर आणि तेलाची विहीर

मेहरूणचें नांव निघालें कीं लोकांस तळें आणि बोरें आठवतात. मिठाची आठवण कोणासही होत नाहीं. तथापि आमच्याच जिल्ह्यांत चांगदेवापाशीं जी पूर्णा तापीस मिळते, तिच्या कांठानें वर वऱ्हाडांत शिरलें म्हणजे बुलढाणें, अकोला व अमरावती या जिल्ह्यांतील ‘खारपाण’ पट्टा लागतो. तेथील विहिरींचें पाणी खारट. एके काळीं अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्याचा उद्योग त्या खोऱ्यांत चालत असे. ब्रिटिश अमदानींत तो बुडाला.

या जुन्या धंद्याचें नातें आजच्या खनिज तेलाशीं आहे, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु तेलाची विहीर ही मिठाच्या विहिरीचीच लेक होय. चीनमधील सेचुआन प्रांतांत खाऱ्या पाण्यासाठीं बांबूच्या साहाय्यानें भूगर्भ वेधण्याची विद्या शतकानुशतकें चालत आली होती. तेथील एक विहीर 1835 सालीं एक हजार मीटरांहून खोल गेली. अमेरिकेंत पेनसिल्व्हानियांतील टॅरेंटम येथें सॅम्युएल कीर याच्या मिठाच्या विहिरींत तेल येऊं लागलें, तेव्हां तें निव्वळ विघ्न ठरलें. पुढें तेंच त्यानें औषध म्हणून बाटल्यांत भरून विकलें! 27 ऑगस्ट 1859 रोजीं टायटसव्हिल येथें सुमारें सत्तर फुटांवर तेल लागलें. इतिहासानें त्याचा मान एडविन ड्रेकला दिला. परंतु भोंक पाडणारा विल्यम स्मिथ हा मिठाच्या विहिरींचीं हत्यारें घडविणारा लोहार होता. त्याची आठवण आम्हीं तरी आधीं करूं.

मिठाच्या विहिरींत तेल हें विघ्न होतें, तर तेलाच्या विहिरींत मीठ हें विघ्न झालें. खोल खडकांतील पाणी कित्येकदां मिठानें जवळजवळ तृप्त असतें. तें तेल-वायूबरोबर वर येतांना दाब उतरतो, पाण्याचा कांहीं अंश वाफ होऊन वायूंत मिसळतो, आणि उरलेल्या पाण्यास आपलें मीठ पेलवत नाहीं. मग नळाच्या आंत स्फटिकांचे थर चढूं लागतात, वाट अरुंद होते, आणि कांहीं दिवसांत विहीर मुकी होते. उपाय मात्र साधा, आमच्या स्वयंपाकघरांतला: गोडें पाणी ओतून मीठ विरघळविणें. कोठें तें अधूनमधून, कोठें सतत थोडें थोडें सोडतात. पण त्या पाण्यांतील प्राणवायु काढला नाहीं तर नळ गंजतो. आणि खडकांतील पाण्यांत बेरियम असून वरच्या पाण्यांत सल्फेट असेल, तर असा कठीण थर बसतो कीं पाणी काय, आम्लही त्यास हात लावीत नाहीं. दुसरा उपाय पिवळ्या फेरोसायनाइडच्या क्षाराचा. त्याची अल्प मात्रा मिठाचे स्फटिक बांधूं देत नाहीं. हाच क्षार टेबलावरच्या मिठाच्या गुठळ्या होऊं नयेत म्हणून घालतात. ज्या वस्तूनें बरणींतलें मीठ मोकळें राहतें, तीच पाताळांतल्या नळास मोकळा ठेवते, ही गंमत गृहिणींनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

आमच्या प्रांतापाशीं हा विचार मुंबईच्या पश्चिमेस सुमारें 160 किलोमीटरांवर समुद्रांत येऊन पोंचतो. तेथें 1974 च्या फेब्रुवारींत ‘सागर सम्राट’ जहाजावरून तेल लागलें आणि 21 मे 1976 पासून तें निघूं लागलें. पुढें चुनखडकांतील दाब टिकविण्यासाठीं समुद्राचेंच पाणी खालीं घालण्यांत येऊं लागलें. जेथें असें परकें पाणी खडकांतल्या पाण्यास भेटतें, तेथें कोणता क्षार कोठें बसेल याचा हिशेब आधींच मांडावा लागतो. थर बसल्यावर खरवडण्याचा खर्च फार.

अशा समुद्रांतील फलाटांवर गोडें पाणी हीच महाग वस्तु असते. भोंवतीं अफाट जल असतांना तें खाऱ्या पाण्यांतून क्षार काढून बनवावें लागतें, नाहींतर किनाऱ्यावरून आणावें लागतें. आणि पूर्णेकांठच्या खारपाणांत, जेथें मीठ विहिरींतच होतें, तेथील कित्येक खेड्यांस पिण्यासाठीं वान धरणाचें पाणी नळांनीं पोंचवावें लागलें.