ग्रंथांच्या वाटेवरील नाकी

ग्रंथाची चोरी आणि ग्रंथाच्या वाटेवर बसविलेली नाकी यांचे नाते फार जुने आहे. आज ई-पुस्तकांच्या निमित्ताने त्याची चर्चा होते. तो इतिहास थोडक्यात पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचा कायदा परदेशी लेखकाला संरक्षण देत नसे. लंडनमध्ये निघालेली कादंबरी तेथील मुद्रक बिनदिक्कत छापीत व स्वस्तात विकीत. लेखकाला कायद्याने कपर्दिकही मागता येत नसे. १८४२ साली अमेरिकेत गेलेल्या चार्ल्स डिकन्स यांनी याविरुद्ध उघडपणे आवाज उठविला, तरी कायदा बदलण्यास १८९१ साल उजाडले. त्याच १८४२ साली ब्रिटिश संसदेने असल्या प्रतींना साम्राज्यात मज्जाव केला. परंतु लंडनची आवृत्ती महाग पडे. नुसता मज्जाव पुरणार नाही, हे ओळखून प्रकाशक जॉन मरे यांनी १८४३ मध्ये वसाहतींसाठी स्वस्त ग्रंथमाला काढली. पुढे १८८६ मध्ये मॅकमिलन कंपनीने हिंदुस्थान व वसाहती यांच्यासाठी निराळी माला सुरू केली. ती पुस्तके खुद्द इंग्लंडात विकावयाची नव्हती. ग्रंथाला प्रदेशाची सीमा पडली ती अशी.

साम्राज्य गेले, सीमा राहिली. राष्ट्रकुलातील बाजारपेठ आपल्याकडेच असावी, असा करार ब्रिटिश प्रकाशकांनी १९४७ साली केला. अमेरिकन सरकारच्या न्यायालयीन कारवाईनंतर १९७६ मध्ये तो संपुष्टात आला. तथापि विक्रीचे हक्क देशवार वाटून देण्याची रीत आजही चालू आहे.

वडसा येथील वाचकाला हे दुरून ऐकलेले वाटेल. झाडीपट्टी रंगभूमीच्या या माहेरघरी शब्दाचे वेड पुष्कळ. अडचण असे ती पुण्या-मुंबईच्या ग्रंथदालनांपासूनच्या अंतराची. ई-पुस्तकाने ते अंतर पुसले, पण नाके पुसले नाही. २००९ च्या ऑक्टोबरात किंडल हे वाचनयंत्र भारतीयांना मागविता येऊ लागले. तरीही ‘आपल्या देशात हे पुस्तक उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा नकार कितीतरी पुस्तकांच्या बाबतीत मिळे. रुपयांत खरेदीची सोय ऑगस्ट २०१२ मध्ये झाली, तर तेथे मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली. पैसे मोजणारा दारातून परत फिरतो. चोरटी प्रत मात्र कोणाचा पत्ता विचारीत नाही.

सीमेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भारतातील आवृत्ती स्वस्त ठेवता येते, कारण ती परदेशी बाजारात जाणार नाही, असा भरवसा प्रकाशकाला असतो. शिवाय ज्यांना असे कोणतेही नाके नाही, त्या मराठी पुस्तकांच्याही फुकट प्रती भ्रमणध्वनीवरून फिरतातच. तेव्हा सारा दोष नाक्याला देणे न्यायाचे नव्हे. लेखकाचे वेतन बुडविणे हा अन्यायच. १९८४ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद ठरली.

पण शिक्षेच्या भयाने वाचक घडत नाही. मरे यांना १८४३ साली जे उमगले तेच आजही खरे आहे. मज्जावाच्या जोडीला परवडणारी आवृत्ती हवी. प्रकाशकांनी दार उघडावे, आणि उघडलेल्या दारातून आपण मोल देऊनच आत जावे.