हार्प : विस्मरणात गेलेली धनुष्याकृती वीणा

बुलढाणा जिल्ह्यात लग्नकार्य म्हटले की सनई-चौघडा, डफडे आणि बँडपथक हीच वाद्ये डोळ्यांसमोर येतात. महानगरांतील स्वागत समारंभांत क्वचित दिसणारे हार्प हे वाद्य मात्र सर्वस्वी परदेशी असल्याचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

हार्पच्या तारा संतूर किंवा स्वरमंडळाप्रमाणे पेटीला समांतर पसरलेल्या नसतात. त्या ध्वनिपेटीतून उभ्या निघतात आणि वरच्या वक्र मानेला जोडलेल्या असतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील मोठ्या हार्पला 47 तारा आणि पायाने दाबावयाच्या 7 पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी एका स्वराच्या सर्व सप्तकांतील तारा एकदम अर्ध्या स्वराने चढविते वा उतरविते. ही दुहेरी यंत्रणा सेबास्तियाँ एरार यांनी 1810 मध्ये सिद्ध केली. वादन दोन्ही हातांचा अंगठा आणि तीन बोटे यांनी होते. करंगळीला त्यात काम नसते. शेकडो तारांसारखा भासणारा हा पसारा डोळ्यांना ओळखता यावा म्हणून काही तारा लाल व काही काळ्या रंगविलेल्या असतात.

भारतात या जातीचे वाद्य फार जुने आहे. पुणे जिल्ह्यातील भाजे येथील लेण्यांत, सूर्य व इंद्र यांच्या शिल्पांमुळे प्रसिद्ध असलेल्या विहारात, राजापुढे नृत्य चालले असून जवळच धनुष्याकृती वाद्य वाजविले जात असल्याचे दृश्य कोरलेले आहे. हे काम दोन हजार वर्षांहून जुने आहे. भरहुत, सांची आणि अमरावती येथील शिल्पांतही हेच वाद्य दिसते. चौथ्या शतकातील सम्राट समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर तो जी वीणा वाजवीत बसला आहे, ती आजची वीणा नव्हे, तर हार्पच आहे. नाट्यशास्त्रातील सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची या वीणाही याच कुळातील मानल्या जातात.

सातव्या-आठव्या शतकानंतर मात्र हे वाद्य शिल्पांतून दिसेनासे होते. एका तारेवर एकच स्वर वाजत असल्याने मींड व गमक काढण्यास ते अपुरे पडले आणि तार दाबून वाजविण्याच्या दांडीच्या वीणेने त्याची जागा घेतली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. वीणा हा शब्द टिकला, वाद्य बदलले. म्यानमारमध्ये सौंग या नावाने मूळ रूप आजही वाजते. तमिळ देशातील याळ मात्र प्राचीन काव्यांतच उरले होते.

मध्य भारतात एक अपवाद आढळतो. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील सातपुडा पूर्वेकडे मैकल डोंगरापर्यंत जातो. तेथील मंडला भागातील परधान समाजात पाच तारांचा बीन-बाजा वाजविला जात असल्याचे अमेरिकन संगीत-अभ्यासक रॉडरिक नाइट यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात नोंदविले. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. ठरावीक वर्षांनी ते आपल्या यजमानांच्या घरी जात, वंशावळ व गोंड राजांच्या कथा गात आणि धान्य, वस्त्र, कधी गुरे दान म्हणून घेत. शामराव हिवाळे यांनी 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या परधानांवरील इंग्रजी ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. यजमानांची ऐपत खालावली तशी ही व्यवस्था ढासळली. पाटनगढ येथील परधान कुटुंबात जन्मलेले जनगढसिंह श्याम 1980 च्या दशकात भोपाळला जाऊन चित्रकार म्हणून नावारूपास आले आणि त्यांच्यामागून अनेक आप्त कुंचल्याकडे वळले. चित्रांना ग्राहक मिळाला; वाद्याला मिळाला नाही.

आज समारंभासाठी हार्पवादक बोलवायचा तर हे नाते एका संध्याकाळच्या करारापुरते असते. बुलढाण्याच्या यजमानाला त्यासाठी मुंबई किंवा पुण्याकडे चौकशी करावी लागेल. मुंबईत एनसीपीएमध्ये 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाल्यापासून तेथे हे वाद्य वाद्यवृंदात ऐकावयास मिळते. करारापूर्वी वादक कोणते हार्प आणणार, हे स्पष्ट विचारावे. मोठे हार्प सुमारे सहा फूट उंच आणि 35 ते 40 किलो वजनाचे असते. लहान, खटक्यांचे हार्प एकट्याने उचलता येते, पण त्यात दर गाण्याला स्वर बदलणे सोपे नसते. हार्प सांगून कीबोर्डवरचा हार्पचा आवाज पुढे केला जाऊ नये, यासाठी वादनाची चित्रफीत आधी पाहणे बरे.

वाहतूक, निवास आणि सोबतच्या मदतनिसाचा खर्च मानधनात धरला आहे की वेगळा, हे लेखी असावे. वऱ्हाडातील उन्हाळी लग्नांत आणखी एक पथ्य पाळावे लागते. कोरड्या उष्म्यात लाकूड आकसते आणि तारा वारंवार उतरतात. म्हणून उघड्या मंडपापेक्षा बंदिस्त सभागृह योग्य, आणि स्वर जुळविण्यासाठी पाहुणे येण्यापूर्वी किमान तासभर शांतता हवी. वरात दाराशी येण्याच्या वेळी हार्पवादन ठेवणे व्यर्थ आहे. बँडपुढे त्याचा एकही स्वर ऐकू येणार नाही.